आवडीची देवघेव

एखादे गाणे मनापासून आवडले, की ते दुसऱ्याला ऐकवल्यावाचून माणसाला राहवत नाही. उत्तम आंब्यांची पेटी घरी आली, की शेजारी चार आंबे धाडल्यावाचून गृहिणीला जसे चैन पडत नाही, तसेच हे आहे. फरक इतकाच, की आंबे वाटले म्हणजे पेटीतून कमी होतात. गाणे वाटले म्हणजे वाढते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातील लक्षावधी माणसांनी हा वाटपाचा व्यवहार एका साध्या पोस्टकार्डावर केला. त्या व्यवहाराचे नाव होते फर्माईश.

कार्डावरचा मजकूर थोडकाच असे. चित्रपटाचे नाव, गायकाचे नाव, गाण्याचे पहिले शब्द. आणि त्याखाली, उरलेल्या सर्व जागेत, नावेच नावे. घरातील वडीलधारे, भाऊ, बहिणी, मित्र, शेजारी, नुकतेच बोलू लागलेले मूल, सर्वांना त्या कार्डावर जागा मिळे. शेवटी गावाचे नाव. मग आठवडेच्या आठवडे वाट पाहणे. एके दिवशी निवेदकाच्या तोंडून आपले गाव आणि आपले नाव ऐकू आले, की साऱ्या घराचे कान त्या लाकडी पेटीकडे लागत. गाणे तीनचार मिनिटांत संपे. आपले नाव देशभर ऐकले गेले, ही भावना पुढे कित्येक दिवस पुरे.

आज हे सारे भाबडे वाटेल. परंतु त्या पोस्टकार्डाने आपल्या समाजाच्या अभिरुचीला जे दिले, त्याचा हिशेब मांडून पाहिला, तर जमेची बाजू मोठी निघते. आणि त्या हिशेबातील एक रक्कम अशी आहे, की जी आजच्या घरात कुठेच जमा होताना दिसत नाही.

एका नावासाठी आलेली पत्रे

श्रोत्याचे पत्र किती मोलाचे ठरू शकते, याचे एक उदाहरण १९४९ सालचे आहे. त्या वर्षी ‘महल’ चित्रपट आला. संगीतकार खेमचंद प्रकाश यांचे त्यातील एक गीत घरोघरी गाजू लागले. त्या काळी ध्वनिमुद्रिकेवर पार्श्वगायिकेचे नाव छापण्याची रीत सर्रास रूढ नव्हती. पुष्कळदा पडद्यावरील पात्राचे नाव छापले जाई. या गीताच्या तबकडीवरही गायिका म्हणून ‘कामिनी’ हे नाव होते. कामिनी हे मधुबालाने रंगवलेल्या पात्राचे नाव.

रेडिओवर ते गीत लागले आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. श्रोत्यांना एकच गोष्ट हवी होती: हा आवाज कोणाचा? रेडिओने ध्वनिमुद्रिका कंपनीकडे विचारणा केली आणि पुढे लता मंगेशकर हे नाव निवेदनातून ऐकू येऊ लागले. मालावर कारागिराचे नाव असावे, ही मागणी येथे गिऱ्हाइकाने केली होती. पार्श्वगायकांना त्यांचे श्रेय मिळवून देण्यात खुद्द कलावंतांच्या आग्रहाचा वाटा मोठा आहेच; पण त्या आग्रहामागे अनाम श्रोत्यांच्या पत्रांचे बळ उभे होते, हेही विसरता येत नाही.

गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी गेले

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्र सरकारात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. केसकर संगीताचे जाणकार होते. शास्त्रीय संगीताला राजदरबारांचा आश्रय उरला नव्हता; तो आधार आता आकाशवाणीने द्यावा, अशी त्यांची तळमळ होती. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला, १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलने भरू लागली, आणि अनेक गुणी गायकवादकांना आकाशवाणीमुळे स्थिर उपजीविका लाभली. हे ऋण मोठे आहे.

मात्र त्याच काळात चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. ही गीते अभिरुची बिघडवतात, असे मंत्र्यांचे मत होते. त्यातच गाण्यासोबत चित्रपटाचे नाव सांगावे की नाही, यावरून आकाशवाणी आणि निर्माते यांच्यात वाद पेटला. नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, असे एका बाजूचे म्हणणे. नाव नाही तर गाणेही नाही, असे दुसऱ्या बाजूचे. शेवटी निर्मात्यांनी परवानगी काढून घेतली.

दुकानात हवा तो माल मिळेना, तेव्हा गिऱ्हाइकाने जे करावे तेच श्रोत्यांनी केले. त्यांनी दुसरे दुकान शोधले. हे दुकान समुद्रापलीकडे, कोलंबोत होते. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या आग्नेय आशियातील सैन्यासाठी तेथे प्रबळ लघुलहरी प्रक्षेपक उभारला गेला होता. युद्ध संपल्यावर ती यंत्रणा सिलोन सरकारकडे आली, आणि रेडिओ सिलोनच्या व्यापारी सेवेने हिंदी गीतांचा बाजार मांडला. तिच्या लहरी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत ऐकू येत. २५ आणि ४१ मीटरवर काटा नेऊन ठेवण्याचे कौशल्य घरातील शाळकरी मुलेही शिकली. आवाज कधी लाटेसारखा जवळ येई, कधी दूर जाई. खरखर तर पाचवीला पुजलेलीच. तरीही श्रोता हलत नसे.

सकाळी जुन्या चित्रपटांतील संगीताचा कार्यक्रम लागे आणि त्याची सांगता कुंदनलाल सैगल यांच्या गीताने होई. त्या गीतावर घड्याळ लावणारी घरे होती. त्यानंतर श्रोत्यांच्या पसंतीची नवी गाणी येत. क्रम मोठा सूचक होता: आधी वडिलांच्या काळची गाणी, मग मुलांच्या. रेडिओ एक, खोली एक, म्हणून दोन्ही पिढ्यांना दोन्ही ऐकावे लागे.

बुधवार, रात्रीचे आठ

३ डिसेंबर १९५२ रोजी याच केंद्रावरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दंतमंजनाच्या एका जाहिरातदाराने पुरस्कृत केलेला हा कार्यक्रम अमीन सयानी नावाच्या विशीतल्या तरुणाकडे आला. मुंबईत ध्वनिमुद्रण होई, फिती विमानाने कोलंबोस जात आणि तेथून आवाज परत भारतभर पसरे. आरंभी गाण्यांचा क्रम ओळखण्याचे कोडे असे व बिनचूक उत्तराला शंभर रुपयांचे बक्षीस होते. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली आणि वर्षभरात आठवड्याला ६५,००० पर्यंत मजल गेली, अशी आठवण सयानी सांगत असत. एवढी पत्रे तपासणे अशक्य झाल्यामुळे कोडे मागे पडले व लोकप्रियतेच्या क्रमाने गाणी वाजवण्याची पद्धत आली. गाण्याच्या स्थानाला त्यांनी ‘पायदान’ हा शब्द योजला. कोणते गाणे कोणत्या पायरीवर चढले, कोणते घसरले, याची चर्चा गुरुवारी सकाळी दुकानाच्या फळ्या उघडताना होऊ लागली.

सयानींच्या यशाचे मर्म त्यांच्या भाषेत होते, आणि ती भाषा घरातून आली होती. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ नावाचे पाक्षिक चालवत. ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत निघे. नुकतेच अक्षर ओळखू लागलेल्या माणसाला कळेल इतकी सोपी हिंदुस्थानी लिहिण्याचा वस्तुपाठ मुलाने तेथे घेतला. पुढे सूक्ष्मध्वनीपुढे बसल्यावर त्यांनी विद्वत्ता दाखवली नाही. समोर एकच माणूस बसला आहे अशा आपुलकीने ते बोलत राहिले. श्रोत्यांना संबोधताना ते आधी भगिनींचा उल्लेख करीत, मग बंधूंचा. सभासमारंभात स्त्रियांचे नाव क्वचितच उच्चारले जाण्याच्या त्या काळात, फर्माईशीच्या यादीत घरातील सुनेचे आणि लेकीचे नाव देशभर ऐकू जाई. तिला काय आवडते, हे कोणीतरी विचारले होते आणि तिने सांगितले होते. ही गोष्ट लहान नव्हे.

१९५३ च्या वार्षिक गीतमालेत अग्रस्थान मिळाले ते ‘अनारकली’ चित्रपटातील गीताला. त्याचे संगीतकार होते सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र चितळकर. ज्या गीतांना स्वदेशीच्या नभोवाणीवर जागा नव्हती, त्यांच्या स्वरांना परदेशच्या केंद्रावरून भारतीयांनीच मुकुट चढवला.

लोकप्रियता मोजायची कशी?

व्यापारी वाचकाला येथे एक प्रश्न सहज पडेल. कोणते गाणे पहिले आणि कोणते पाचवे, हे ठरवले कोणी? मोजमाप कसले?

त्याचे उत्तर मोठे रंजक आहे. प्रथम आधार घेतला गेला तो रेकॉर्ड विकणाऱ्या दुकानदारांच्या विक्रीचा. गावोगावच्या दुकानांतून कोणती तबकडी किती खपली, याची माहिती मागवली जाई. म्हणजे देशाच्या आवडीचा आलेख काढला गेला तो दुकानदाराच्या रोजमेळावरून. लोक तोंडाने काहीही म्हणोत. ज्या गाण्यासाठी गल्ल्यात पैसे पडले ते खरे, हा त्यामागील सरळ न्याय होता.

पण ज्याने दुकान चालवले आहे, त्याला या न्यायातील उणीवही कळेल. माल संपला तर विक्री थांबते. मागणी थांबत नाही. नव्या तबकड्या येईपर्यंत गाजणारे गाणे कागदावर मात्र घसरलेले दिसते. शिवाय तबकडी घेण्याची ऐपत सर्वांची नव्हती. ज्याच्या घरी ग्रामोफोन नाही आणि जो चहाच्या हॉटेलात उभा राहून गाणे ऐकतो, त्याची आवड या वहीत चढतच नाही. म्हणून विक्रीच्या जोडीला फर्माईशींची पत्रे धरली गेली. पत्रांतही एक धोका होताच, कारण एकाच हाताने शंभर कार्डे लिहिता येतात. तेव्हा गावोगावी उभ्या राहिलेल्या श्रोता संघांचे मत विचारात घेतले जाऊ लागले. या संघांचे सभासद नियमित ऐकत, आपसांत चर्चा करीत आणि आपली पसंती एकत्रितपणे कळवत.

तीन वह्या एकमेकींशी ताडून मग शिल्लक काढावी, तसाच हा प्रकार. तो निर्दोष होता असे कोणी म्हणणार नाही. पण त्यात एक गोष्ट स्वच्छ होती: मोजणारा कोण आणि मोजमाप कशाचे, हे श्रोत्याला ठाऊक होते. आज मोबाईलच्या पडद्यावर ‘सर्वाधिक लोकप्रिय’ म्हणून जी यादी झळकते, तिच्या मागची वही कोणाही ऐकणाऱ्याला उघडून पाहता येत नाही.

अभ्रकाच्या गावाची कीर्ती

फर्माईशीच्या इतिहासात एका गावाचे नाव अजरामर झाले आहे: झुमरीतलैया. तेव्हाच्या बिहारमधील आणि आजच्या झारखंडमधील कोडरमा जिल्ह्यातले हे व्यापारी गाव. रेडिओवर हे नाव इतक्या वेळा ऐकू येई, की असे गाव खरोखर अस्तित्वात नसून ते कोणीतरी गमतीने रचलेले असावे, असा पुष्कळांचा समज झाला होता.

गाव खरे होते, आणि त्याची समृद्धी होती अभ्रकाच्या व्यापारातून. उष्णता सहन करणारे आणि विजेला रोखून धरणारे हे खनिज विद्युत उपकरणांत अत्यावश्यक असे. जगाच्या बाजारात जाणाऱ्या पत्री अभ्रकाचा मोठा वाटा बिहारच्या याच पट्ट्यातून निघे. योगायोग असा, की जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हमध्ये आणि कंडेन्सरमध्येही अभ्रकाचे पातळ पापुद्रे बसवलेले असत. ज्या गावच्या मालावाचून रेडिओ बोलू शकत नव्हता, त्याच गावाचे नाव रेडिओ अहोरात्र उच्चारत राहिला.

अभ्रकाच्या धंद्यातील एका हौशी गृहस्थांनी तेथे फर्माईशीचा पायंडा पाडला आणि मग गावभर चढाओढ लागली, असे सांगतात. कोणी छापील कार्डे करून घेतली, कोणी संघ काढून रबरी शिक्के बनवले, कोणी तर तारेने फर्माईश धाडली. प्रतिस्पर्ध्याचे टपाल मागे राहावे म्हणून टपालवाल्याची मनधरणी केल्याच्या गमतीदार कथाही सांगितल्या जातात. हौसेला मोल नसते, हे खरेच. छत्तीसगडमधील भाटापारा या भाताच्या बाजारपेठेचे नावही फर्माईशीच्या यादीत असेच वरचेवर येई. मोठ्या शहरांना नाटके, जलसे, चित्रपटगृहे अशी अनेक साधने होती. लहान बाजारपेठेच्या गावाला देशाशी बोलण्याची एकच खिडकी होती, आणि ती पोस्टकार्डाएवढी होती.

मराठी कानाची आवड

महाराष्ट्रात या काळाची एक वेगळी फलश्रुती दिसते. चित्रपटगीतांची जागा भरून काढण्यासाठी आकाशवाणीने सुगम संगीताला उत्तेजन दिले, आणि १९५३ मध्ये सुरू झालेल्या पुणे केंद्रातून एक अद्वितीय कार्यक्रम जन्मास आला. सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने, ग. दि. माडगूळकर यांच्या शब्दांनी आणि सुधीर फडके यांच्या स्वररचनांनी १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, ‘गीतरामायण’ सुरू झाले. दर शुक्रवारी सकाळी नवे गीत येई आणि शनिवार-रविवारी त्याचे पुनःप्रसारण होई. वर्षभरात छप्पन्न गीते झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे गायक त्यात होते. वृत्तपत्रांतून गीतांचे शब्द छापून येत, लोक ती कात्रणे जपून ठेवत, आणि ज्यांच्या घरी रेडिओ नसे ते शेजारी जाऊन बसत.

येथे दोन्ही पक्षांना पुरेसे समाधान आहे. अभिरुची घडवता येते, हे केसकरांचे म्हणणे ‘गीतरामायणा’ने खरे करून दाखवले. अभिरुची लादता येत नाही, हे श्रोत्यांचे म्हणणे रेडिओ सिलोनने खरे करून दाखवले. शेवटी सरकारनेही ते मानले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी कवी पंडित नरेंद्र शर्मा यांच्या कल्पकतेतून ‘विविध भारती’ सुरू झाली व चित्रपटगीते सन्मानाने घरी परतली. सैनिकांच्या फर्माईशींसाठी ‘जयमाला’ आली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर या महाराष्ट्रातील केंद्रांवरूनच विविध भारतीच्या व्यापारी जाहिरातींना आरंभ झाला. त्यामुळे स्थानिक पेढ्या आणि दुकानांनाही रेडिओचे दार उघडले.

मराठी श्रोत्यांची फर्माईश मात्र ‘आपली आवड’ या नावाने ओळखली जाई. नाव किती नेमके आहे! ‘माझी आवड’ नव्हे, ‘आपली’. या कार्यक्रमात नाट्यगीताला लागून भावगीत येई, भावगीताला लागून लावणी, लावणीमागून अभंग. बालगंधर्वांच्या पदासाठी बसलेल्या आजोबांना नातवाच्या आवडीचे नवे चित्रपटगीत ऐकावे लागे, आणि त्या गीतासाठी थांबलेला नातू नकळत नाट्यपद पाठ करून जाई. आपल्या गाण्याची पाळी येईपर्यंत दुसऱ्याचे गाणे ऐकून घेणे, ही फर्माईशीची न लिहिलेली अट होती. सारी जमेची रक्कम याच अटीत दडली आहे. एका पिढीचे कान दुसऱ्या पिढीच्या गाण्यांवर पोसले गेले ते कोणाच्या उपदेशाने नव्हे, पाळी येण्याची वाट पाहता पाहता.

ऐकणाऱ्यांनी सांभाळलेला ठेवा

या आवडीतूनच काही श्रोते पुढे अभ्यासक झाले. कानपूरचे हरमंदिर सिंग ‘हमराज’ हे असेच एक श्रोते. कोणत्या चित्रपटात कोणते गीत, कोणी लिहिले, कोणी गायले, तबकडीचा क्रमांक कोणता, अशा नोंदी गोळा करता करता त्यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ सिद्ध केला. १९३१ साली बोलपट आला तेव्हापासून दशकवार खंडांत त्यांनी ही माहिती लावून ठेवली. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेच्या सभासदांनी जुन्या तबकड्या जमवल्या, एकमेकांना ऐकवल्या आणि त्यांची माहिती प्रसिद्ध केली. भारतात ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कोलकात्यात सुरू झाले. त्या पहिल्या दिवसांतील गौहर जान यांचा आवाज आज ऐकता येतो, तो संग्राहकांनी अडगळीतून उचललेल्या तबकड्यांमुळेच.

हे काम करणाऱ्या पुष्कळांनी उपजीविकेसाठी नोकरी किंवा व्यवसाय केला आणि उरलेला वेळ संगीताला दिला. आपल्याला जे आवडले ते नीट नोंदून ठेवले पाहिजे, ही त्यांची वृत्ती पेढीवरच्या माणसाला परकी वाटू नये. नोंद नसलेला माल गोदामात असूनही नसल्यासारखाच.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली तेव्हाही देवघेव चालूच राहिली. गाण्यांची यादी कागदावर लिहून दुकानदाराकडे द्यायची आणि साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट भरून घ्यायची, ही रीत गावोगावी होती. अशी कॅसेट मित्राला दिली म्हणजे आपल्या मनाचा एक कप्पाच त्याच्या हाती दिल्यासारखे होई. गीतमाला १९८९ मध्ये विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत चालली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी अमीन सयानी यांचे निधन झाले, तेव्हा अनेक घरांतील ज्येष्ठांना आपल्याच कुटुंबातील कोणी गेल्यासारखे वाटले.

एका छताखाली अनेक कान

आज गाण्यांची चणचण नाही. शंभर वर्षांचे संगीत खिशात मावते. जी तबकडी ऐकण्यासाठी एके काळी मुंबई गाठावी लागे, ती आता स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होईपर्यंत सापडते. ही सोय नाकारण्याचे काही कारण नाही. प्रश्न सोयीचा नसून सोबतीचा आहे.

संध्याकाळी दुकान वाढवून माणसे घरी येतात. एकाच दिवाणखान्यात आजोबा, सून, मुलगा, नात बसलेली असतात आणि प्रत्येकाच्या कानात आपापले गाणे असते. यंत्र मोठे चतुर आहे. काल जे ऐकले त्यासारखेच आज पुढे ठेवते. ज्याला गझल आवडते त्याला गझलच मिळत राहते. ज्याला रॅप आवडते त्याला रॅपच. गिऱ्हाइकाने काल साखर नेली म्हणून रोज साखरच पुढे करणाऱ्या दुकानदारासारखे हे झाले. जाणता दुकानदार एखाद्या दिवशी म्हणतो, “हा गूळ नवा आलाय, चाखून तर पाहा.” आवड रुंदावते ती अशा चाखण्याने. आणि असे चाखायला लावणारा माणूस आपल्यावर माया करणारा असेल, तर नावडता पदार्थही थोडा गोड लागतो.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीचे आवडते गाणे कोणते, हे किती घरांत ठाऊक असते? तिचा रक्तदाब ठाऊक असतो, औषधांच्या वेळा ठाऊक असतात, तिच्या नावावरील ठेवींची मुदत कधी संपते हेही ठाऊक असते. पण तरुणपणी कोणता आवाज ऐकला की ती हातातले काम थांबवी, हे विचारायचे राहून जाते. मग एके दिवशी विचारायला माणूसच उरत नाही. कपाटात साडी सापडते, चष्मा सापडतो. गाणे सापडत नाही, कारण ते कुठे लिहिलेलेच नसते.

यावर उपाय अगदी घरगुती आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवावी, अर्धा-पाऊण तास पुरे. प्रत्येकाने एकच गाणे सांगावे, आणि ते का आवडते हे दोन वाक्यांत बोलावे. पाळी लहानापासून मोठ्याकडे एकदा, पुढच्या खेपेस मोठ्याकडून लहानाकडे. दुसऱ्याचे गाणे चालू असता उठू नये, मोबाईल पाहू नये, आणि ‘हे काय गाणे आहे’ असे कोणी म्हणू नये. नातवाचे गाणे कळले नाही, तर आजोबांनी त्याला शब्दांचा अर्थ विचारावा. नातू खुशीने सांगेल, कारण घरात त्याला अर्थ विचारणारे फारसे कोणी नसते. आजीने सैगलचे नाव काढले, तर तो आवाज तिने प्रथम कोणाच्या घरी, कोणत्या रेडिओवर ऐकला, हे नातीने विचारावे. गाण्याच्या मिषाने अशा कितीतरी गोष्टी बाहेर येतात, की ज्या एरवी कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही.

आणि एक वही घालावी. व्यापारी घराला वहीचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. तीत तारीख, गाण्याचे नाव, गायक, आणि ‘सांगणार’ म्हणून घरातील व्यक्तीचे नाव, एवढे चार रकाने पुरेत. दोनचार वर्षांत ती वही भरेल. तिचे बाजारमूल्य काही नसेल. पण पुढे कधीतरी, परगावी स्थायिक झालेली नात ती उघडील, एका ओळीवर तिचे बोट थांबेल, आणि पणजीला काय आवडत होते हे ती आपल्या मुलाला ऐकवील.